पडद्याला सुईनं भोकं पाडली त्याची गोष्ट

सिनेमा दर शुक्रवारी बदलतो, किस्से मात्र थिएटरातच मुक्कामाला राहतात. आमच्या कर्जतच्या थिएटरात तर खुर्च्यांपेक्षा तेच जास्त असतील.

मी ऑपरेटरच्या जागेसाठी गेले तेव्हा कडेवर माझी लेक ओवी होती. शेठ म्हणाले, "बाईमाणसाला मशीन जमेल?" फिजिक्स शिकले असले तरी शंका मलाही होतीच. पण झाडू मारणाऱ्या सुलूमावशी मधेच म्हणाल्या, "तुमाला तरी कुठं जमतंय, शेठ?" लागले कामाला.

*

कॅबिनच्या कोपऱ्यात जुनं सत्तर एमएमचं मशीन आहे. साध्या फिल्मच्या दुप्पट रुंद फिल्म, त्यामुळे प्रत्येक चित्र मोठं. भिंतीएवढं ताणलं तरी विरायचं नाही. आता लेझर प्रोजेक्टर आलाय, फिल्मच नाही. मावशींना हे सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी मशीन बारीक झालं अन् पडदा तेवढाच ऱ्हायला. बरं झालं."

*

दिवाळीला शेठनी थिएटर रंगवायला काढलं. रंगाऱ्यानं पडदाही रंगवायला घेतला! मी धावत पोचेपर्यंत मधला पट्टा पांढराशुभ्र झाला होता. पडद्याला बारीक भोकं असतात. स्पीकर मागे असतात, आवाज भोकांतून येतो. मधल्या स्पीकरवर संवाद, आणि नेमकी तिथलीच भोकं रंगानं बुजली होती. त्या शुक्रवारी वाद्यं वाजत होती आणि माणसं नुसते ओठ हलवत होती.

शेठ वैतागले. "पडदाच नको. मधे भिंत घालतो, दोन छोटे हॉल करतो. एका ऑपरेटरला पुण्याहून आणू, तो दोन्ही बघेल."

म्हणजे मी घरी.

मावशींनी गोधडीच्या सुया आणल्या. आम्ही दोघी आठवडाभर परांचीवर चढून भोकं मोकळी करत होतो. खाली ओवी खेळत होती, आणि माझ्या हातातून सुई निसटली तर, या विचारानं माझा जीव अर्धा. मावशी म्हणाल्या, "खाली बघू नगं. भोकाकडं बघ."

आवाज परत आला. शेठ मात्र हटले नाहीत.

*

इंजिनियर आला. त्यानं छतापासून पडद्यासमोर लाल दोरी सोडली. "इथून भिंत. पडदा लहान झाला तरी काय, पुढं सरकून बसायचं."

"मग मोबाईलच नाकाला लावा की," मावशी म्हणाल्या.

मी गुपचूप कॅबिनमध्ये जाऊन समुद्राचा माहितीपट लावला. देवमासा आला. डोकं दोरीच्या डावीकडं, शेपूट उजवीकडं. शेठ मान वर करून बघत राहिले.

मावशींनी झाडू टेकवला. "शेठ, शेपटीच्या हॉलात कोन बसायचं?"

ती लाल दोरी आता ओवीकडं आहे. उड्या मारायला बरोबर लांबीची निघाली.