‘ते सिगारेटचं’ काढा

परवा वरव्याच्या यात्रेत नलूताई पिक्चरच्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहणार आहेत. कोणी शिट्टी मारेल, कोणी दंडाला धरून बाजूला ओढेल, कोणी मोबाईलवर शूटिंग करेल. संध्याकाळपासून हे डोक्यातून जात नाही. घरातले सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे.

भोरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं फॉल-पिकोचं दुकान आहे. पन्नाशी उलटलेली, एकटा जीव, आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवर काही मुलं लॉलीपॉपच्या काड्या दोन बोटांत धरून, मान तिरकी करून नाकातून हवा सोडत होती.

“काय चाललंय रे?” नलूताईंनी विचारलं.

“हिरो असंच करतो मावशी, मारामारीच्या आधी.”

त्या मुलांत माझा स्वानंद होता. तेव्हा सहावीत. मी ऐकलं आणि काळजी करत बसले. नलूताई कामाला लागल्या. शाळांत, मंडळांत, यात्रा कमिट्यांकडे जाऊन त्या एकच मागतात: समोर मुलं बसणार असतील तर कोणी सिगारेट ओढत नाही असा पिक्चर लावा. एवढंच. पण जिथे जावं तिथे एकच उत्तर. “खाली धोक्याची पट्टी येते की, ताई.” एका कार्यालयात अर्ज दिला तर साहेब म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. मग कोणाकडे येतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“पट्टी वाचतं कोण?” नलूताई म्हणतात. “पट्टी दिसली की पोरं ओरडतात, आली, आली! मोबाईलात डोकं घातलेलंसुद्धा मान वर करतं.”

लोकांना नुसतं नको म्हणून कसं चालेल, म्हणून त्या स्वतः पिक्चर शेवटपर्यंत बघतात आणि चालेल असा सुचवतात. मध्ये एकदा म्हणाल्या, “आता मला गोष्टच कळत न्हाई गं. नुसते हात दिसतात. कुणाचा हात खिशाकडं गेला की धस्स होतं.”

मागच्या वर्षी वेल्ह्याकडच्या एका यात्रेत कमिटी कबूल झाली. पडदा लावणाऱ्या मानसिंगला नलूताईंनी माझ्यासमोरच फोन केला. “मानसिंग, ते सिगारेटचं तेवढं काढून टाका.”

“काढतो ताई. काळजीच सोडा.”

आम्ही दोघी हौसेने गेलो. पिक्चर सुरू झाला. सुरुवातीची धोक्याची सूचना नाही, खाली पट्टी नाही. आणि हिरोने मात्र ऐटीत सिगारेट पेटवली. पडदाभर धूर. पुढे बसलेल्या मुलांनी आरोळी ठोकली. नलूताई तरातरा मानसिंगकडे गेल्या.

“काढलं की ताई!” तो अगदी खुशीत होता. “सुरवातीचं ते रडकं काढलं, खालची पट्टीबी झाकली. लोकान्लाबी तेच नको असतंय.”

त्याचं तरी काय चुकलं? सगळे त्या सूचनेलाच ‘ते सिगारेटचं’ म्हणतात. हिरो ओढतो ते कोणाला सिगारेटचं वाटतच नाही, तो पिक्चर असतो. पण तेव्हापासून बाजारात चेष्टा सुरू झाली. “ताई, ब्लाउजची पट्टी ऱ्हाऊ द्या हां, काढू नका!” नलूताई मान खाली घालून मशीन चालवतात. मला मात्र रडू येतं, रागाने.

वरवे माझं सासर. तिथल्या कमिटीचे प्रमुख माझे दीर, गंगाधर भाऊजी. नलूताई त्यांच्याकडेही जाऊन आल्या.

“पोरं काय आजच बघत्यात व्हय?” भाऊजी म्हणाले. “मोबाईलात समदं हाय.”

“मोबाईलात एकटं बघतंय. हितं बाप शेजारी बसून टाळ्या वाजवतो.”

“पिक्चर ठरलाय आता,” भाऊजी म्हणाले.

“मग मी पडद्याम्होरं उभी ऱ्हाते,” म्हणून नलूताई निघून आल्या. मला एका शब्दाने म्हणाल्या नाहीत की तू बोलून बघ. उलट म्हणाल्या, “तुझं सासर हाय ते. तू नको पडू यात.” घरातही हेच ऐकलं, सणासुदीला वाकडं कशाला. दर वर्षी भाऊजी स्वानंदला मांडीला मांडी लावून पुढे बसवतात. परवाही बसवतील. तो टाळ्या वाजवेल, की नलूताईंना हसेल? दोन्ही मला बघवणार नाही.

वरव्यालाही पडदा मानसिंगच लावतो, आणि नलूताईंनी बघून ठेवलेला एक पिक्चर त्याच्याकडे आहे. मारामारी आहे, गाणी आहेत, ओढत कोणी नाही. कमिटी म्हणाली तर बदलतो, असं तो मला दुपारीच म्हणाला. अडलंय ते फक्त भाऊजींच्या होकारावर. यात्रेच्या तयारीत ते अजून देवळातच असतील. “वैनी, एवढ्या रातीचं?” म्हणतील. नंतर वर्षभर टोमणे मारतील. मारू देत. मी त्यांना फोन लावते.