करंगळीवरचा बॉयलर

चांगल्या नोकरीतल्या माणसाला मी एकदा नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानाबाहेर वॉचमन म्हणून बसवलं होतं. शिट्टीसकट. कुणी परका असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण ते होते माझे व्याही, आणि विहिणीचा शब्द खाली पडू देण्यापेक्षा आगीत उडी घेईल असा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नाही. आगीसाठी त्यांना लांब जावंही लागलं नसतं म्हणा. टॉवेलच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. माझं वय तेव्हा अवघं चौसष्ट. अंगात तारुण्याची घाई आणि डोक्यात तेवढाच उजेड.

व्याह्यांना जगातली प्रत्येक गोष्ट वाफेच्या दाबात मोजायची सवय. बॉयलरचा दाब किलोत मोजतात, म्हणून यांचा चहाही किलोत. "आज च्या चार किलोवरच उतरवला वाटतं," असं ते सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला म्हणत, आणि पोरगी निमूट पातेलं परत गॅसवर ठेवी. माणसांनाही हाच न्याय. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावईबापू, दोन किलोवरचे, "तापतच न्हाय बेनं." मी कायम नऊच्या पुढं. एकदा वळसा घालून नेलं म्हणून मी रिक्षावाल्याशी भांडत होते, तर हे शेजारून त्याला शांतपणे म्हणाले, "गप ऱ्हा बाबा, ईनबाईंचा सेफ्टी वॉल उडायला आलाय." विहीणबाईचं त्यांच्या तोंडी ईनबाई होतं. रिक्षावाल्याला काही समजलं नाही, पण तो मुकाट्यानं सरळ रस्त्याला लागला.

बॉयलरला ते म्हातारी म्हणत. माझ्या लेकीच्या लग्नात मांडवातून कारखान्याचं धुराडं दिसत होतं. भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि धुराड्यातून काळाभोर लोट उठायला एकच गाठ पडली. नवऱ्या मुलाच्या बापानं एका मुठीत अक्षता तशाच धरून दुसऱ्या हातानं फोन लावला. "म्हातारीला ठसका लागलाय, हवा वाढवा जरा." सगळा मांडव अक्षता धरून आभाळाकडं बघत उभा. धूर करडा झाल्यावर ते भटजींना म्हणाले, "हां, घ्या आता फुडं." मानपानात त्यांनी आमच्याकडच्या पुरुषांना कारखान्यातलेच टॉवेल दिले, विणताना चूक झाल्यानं बाजूला काढलेले. माझा भाऊ दिवसभर कुठल्याशा परदेशी हॉटेलचं नाव खांद्यावर मिरवत फिरला. ते नाव उलटं होतं.

पण धुरावरून त्यांना हसायचा मला अधिकार नाही. मी गिरणी कामगाराची मुलगी. शाळेत असताना, कुणाच्या बाबांच्या गिरणीचा धूर जास्त काळा, यावरून मी एका मैत्रिणीची वेणी ओढली होती. काळा धूर म्हणजे चालू गिरणी, आणि चालू गिरणी म्हणजे डब्यात पीठ. मग एके दिवशी आमचा धूर थांबला, आणि आईनं परातीत घेतलेलं अर्धं पीठ परत डब्यात ओतलं. धुराडं मात्र वर्षानुवर्षं तसंच उभं राहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की धूर नाही म्हणजे काम नाही. एवढ्याच अकलेवर मी आजी झाले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना माझ्या लक्षात आलं, की व्याह्यांच्या धुराड्यातून पंधरा दिवस धूरच नाही. दरवर्षी कुरडयांवर काजळीचे ठिपके पडायचे आणि मी व्याह्यांना टोमणे मारायची. त्या वर्षी कुरडया पांढऱ्याशुभ्र. संध्याकाळी कोपऱ्यावर व्याही दिसले, तर शर्टही पांढराशुभ्र. जो माणूस इतकी वर्षं नखशिखांत कोळसा होऊन घरी आला, तो इस्त्रीच्या घडीसकट परत येत होता. मी पुरावे जुळवले. कारखाना बंद, व्याही बेकार, आणि घरी कळू नये म्हणून बिचारे रोज कुठंतरी बसून वेळ काढतात. त्या घरात माझी लेक. मी तशीच नव्या पेठेत गेले. तिथं माझ्या मावसभावाचं साडीचं दुकान, त्याला दारात बसायला माणूस हवाच होता. दुसऱ्या दिवशी व्याह्यांना कोपऱ्यावर गाठलं आणि म्हटलं, "मला सगळं कळलंय. काही बोलू नका. रविवारी दहाला दुकानात जायचं, मी शब्द दिलाय."

ते म्हणाले, "तुमी शब्द दिलाय म्हनल्यावर..."

रविवारी अकराला लेकीचा फोन आला. "आई, मामंजी सुट्टी असून डबा घेऊन नव्या पेठेत गेलेत. तूच पाठवलंस म्हणे?"

"सुट्टी कसली? कारखाना बंद पडलाय ना?"

"कुणी सांगितलं तुला? नवा बॉयलर बसलाय. कोळसा गेला, म्हणून धूर गेला."

मग तिनं मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं. बाहेरदेशीचं गिऱ्हाईक आता टॉवेल मऊ आहे का एवढंच विचारत नाही. तो करताना धूर किती सोडला, तेही विचारतं. इकडं आपल्या सरकारचेही नियम आवळत चाललेत. धूर गेला नाही तर ऑर्डर जाणार, आणि ऑर्डर गेली तर शिलाईच्या बायकांपासून पॅकिंगवाल्यांपर्यंत सगळे घरी. मालकानं कुरकुरत खर्च केला. म्हातारी काढली, तुरीच्या तुराट्या आणि भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारा बॉयलर आणला आणि धुराला गाळणी लावली. त्या कांड्यांना म्हणे पांढरा कोळसा म्हणतात. मी बाकीचं ऐकलं नाही, रिक्षा पकडली.

व्याही स्टुलावर ताठ बसले होते. गळ्यात शिट्टी. समोरच्या चहावाल्याला स्टोव्हची हवा कमी करायला सांगत होते.

"कारखाना चालू आहे म्हणे," मी म्हटलं.

"व्हय, चालू हाय की."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलू कुटं दिलं, ईनबाई? धा किलोवर हुता."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "आन् खरं सांगू का, हितं बसून बघावं म्हनलं. लागंल कदाचित."

नवा बॉयलर काचेच्या पडद्यावर बोट लावून चालवायचा होता. मालकानं महिन्याची मुदत दिली होती. जमलं तर ठीक, नाहीतर नवा माणूस आणणार. त्यातले तीन आठवडे सरले होते, आणि घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"शिकलो समदं, तोंडपाठ हाय. पन त्या काचंला माजं बोटच कळत न्हाय. म्हातारीला मी नुसता हात लावला तरी कळायचं, तिला बी आन् मला बी."

त्यांनी पंजा पुढं केला. फावड्यानं आणि तापल्या लोखंडानं बोटांची कातडी टाचेसारखी निबर झाली होती. मी पर्समधून मोबाइल काढला. मी त्यावर पत्ते खेळते, हे घरात कुणाला सांगत नाही. व्याह्यांनी तर्जनी लावली, पत्ता हलेना. अंगठा लावला, हलेना. माझंही एक बोट जन्मभर सुई टोचून असंच दगड झालंय, त्यामुळं मला त्यावरचा उपाय ठाऊक होता.

"करंगळी लावा," मी म्हटलं.

"करंगळी?"

"तिनं कधी कामच केलं नाही. मऊ असते."

इस्पिकचा एक्का सरकला. व्याह्यांनी करंगळीकडं असं पाहिलं, जणू ती शेजाऱ्याची आहे. मग त्यांनी एकामागून एक पत्ते सरकवले आणि माझा जिंकत आलेला डाव पार घालवला.

सोमवारी ते कारखान्यात गेले. तेव्हापासून तो अवाढव्य बॉयलर ते करंगळीवर चालवतात, आणि मी त्यांना गोवर्धनधारी म्हणते. म्हातारीला फावड्यानं कोळसा घालणाऱ्या पाच जणांपैकी तिघं आता कांड्या घालतात. एक बार्शीकडच्या आपल्या गावी गेला, बांधावर नुसत्या जाळून टाकायच्या तुराट्या ट्रॅक्टरनं इकडं आणतो आणि पूर्वीपेक्षा बऱ्यात आहे. पाचवा, सगळ्यांत वयस्क, घरी बसला. त्याचा विषय निघाला, की व्याही किलोची भाषा बोलत नाहीत. दर सुट्टीला त्याच्याकडं जाऊन बसतात.

येत्या दिवाळीला व्याही निवृत्त होतील. गेल्या आठवड्यात गच्चीवर आम्ही तळलेल्या कुरडया खात बसलो होतो. दोघांचीही नजर सवयीनं धुराड्याकडं गेली. त्याच्यावर नुसतं आभाळ होतं, आणि खाली दुसऱ्या पाळीच्या बायका डबे घेऊन फाटकातून आत जात होत्या. मला एकदम त्या स्टुलाची लाज वाटली. म्हटलं, व्याहीबुवा, चुकलं हो माझं तेव्हा, भर पेठेत तुम्हाला बसवलं. त्यांनी कुरडईचा तुकडा मोडला.

"असं म्हनू नका, ईनबाई. त्या सोमवारी काचंला करंगळी लावली तवा मनात म्हनलं, जमलं तर जमलं. न्हाय जमलं तर नव्या पेठंत आपलं इस्टूल हायच की."