सेफ्टीच्या पोस्टरवरचा सुनीलदादा

माझ्या भावाच्या फोटोखाली 'सेफ्टी फर्स्ट' छापणाऱ्यांनो, आग लागो तुमच्या पोस्टरला.

आज सुनीलदादाला जाऊन वर्ष झालं. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. नाही जमत.

मराठीच्या चुका समजून घ्या. शाळेत माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. दादा असता तर शिव्या देत देत दुरुस्त करून दिलं असतं त्यानं.

दादा तेलाच्या रिगवर होता. गोदावरी समुद्राला मिळते तिकडं, नारळाच्या बागांमध्ये. विहीर खोदायला तो उंच लोखंडी मनोरा उभा करतात ना, त्याच्या टोकावर त्याची ड्यूटी.

महिनाभर तिकडं, महिनाभर तारनाक्याला घरी. आला की सुलतान बाजारातून वहिनीला साडी आणि मला शर्ट. एकही शर्ट मला कधी बसला नाही, सगळे ढगळ.

'तू वाढशील रे.'

सव्वीस वर्षांचा घोडा मी. कुठून वाढणार?

जाऊ दे. कुठं चाललो मी.

रिगवर एक रिवाज आहे. वर चढण्याआधी ओरडून विचारायचं, 'नीचे कौन?' खालच्यानं वरच्याच्या पट्ट्याला बांधलेला दोर हातात घेऊन स्वतःचं नाव सांगायचं. नाव सांगितलं की वरच्याचा जीव त्याच्या हातात. वरचा उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही. बिडी नाही, फोन नाही, लघवी नाही.

दादाला ती सवयच लागलेली. घरी माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढला तरी विचारायचा, 'नीचे कौन?'

मी म्हणायचो, 'कोई नै है, गिर जाव.'

वहिनी मला लाटणं दाखवायची.

मग तेलंगण वेगळं झालं. घर तेलंगणात, नोकरी पलीकडच्या राज्यात. 'बॉर्डर माझ्या डब्यातून गेली रे,' दादा हसायचा, 'भात तिकडं, भाकरी इकडं.'

त्याच सुमारास जगात तेल उतू चाललं. अमेरिकेत खडक फोडून काढायला लागले. अरबांनीही नळ बंद केला नाही. कुणीच मागं हटेना. भाव धाडकन खाली. टीव्हीवर सगळे खूश, आणि पेट्रोल स्वस्त म्हणून मी बाईक काढून बिदर, नांदेड, पार गोकर्णापर्यंत.

दादाचा फोन आला. 'फिर बेटा, फिर. तुझी टाकी फुल, माझा रिग बंद.'

कारण भाव पडला की नवी विहीर खोदणं परवडत नाही. रिग आहे तिथं नुसता उभा करून ठेवतात. कंपनीनं याला छान नाव दिलं, रिऑर्गनायझेशन. बाकी अख्खा क्रू घरी पाठवला. माणूस पडताना त्याचा पट्टा धरून ठेवणारं मशीन होतं, तेही दुसऱ्या रिगवर नेलं.

एवढ्या मोठ्या मनोऱ्यापाशी उरले दोघं. दादा, आणि गेटवरचा एजन्सीचा गार्ड, सत्तीबाबू.

एसीत बसून हे कुणी ठरवलं? त्याचा फोटो लावा ना भिंतीवर!

विमानांसाठी मनोऱ्याच्या टोकावर लाल दिवा असतो. तो गेला. साहेबाचा फोन, आजच्या आज बदला.

दादा ओरडला, 'नीचे कौन?'

सत्तीबाबूनं दोर धरला. 'मैं जी, सत्तीबाबू.'

नाव सांगितलं म्हणजे काय कबूल केलं, हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला वाटलं, हजेरी घेतायत. त्याला एकच शिकवलेलं, गाडी आली की पळत जाऊन गेट उघड.

भर दुपारी कंपनीचाच ट्रक आला. हॉर्नवर हॉर्न. त्यानं दोर रेलिंगला गुंडाळला आणि गेटकडं पळाला.

वर दादाचा पाय घसरला. दोर सुटत गेला. खाली धरायला कुणी नव्हतं.

हे सत्तीबाबूनंच तारनाक्याला येऊन सांगितलं. दारात बसून रडत होता. वहिनीनं त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं. माझा राग त्याच्यावर नाही.

परवा वहिनी आणि मी कंपनीच्या इथल्या ऑफिसात गेलो, वर्षाच्या पुण्यानुमोदनाचं आमंत्रण द्यायला.

भिंतीवर दादा. हेल्मेट घालून हसतोय.

वर 'सेफ्टी फर्स्ट'. खाली लिहिलंय, 'हा एकटा चढला. तुम्ही चढू नका.'

एकटा?

वहिनी तिथल्या साहेबाला म्हणाली, 'साब, ये निकालो. उनो कब्बी अकेले नै चढे. पूछ के चढते थे.'

'मॅडम, ये तो अवेअरनेस के लिए है. हेड ऑफिस का अप्रूवल लगेगा.'

मी शिवी द्यायला तोंड उघडलं. वहिनीनं माझा हात दाबला. समोरची खुर्ची ओढत भिंतीशी नेली. चपला काढल्या. आणि माझ्याकडं न बघता, मोठ्यांदा विचारलं,

'खाली कोण?'



'विकी,' मी म्हणालो. दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

साहेब ओरडत होता, सिक्युरिटीला बोलावतो म्हणत होता. कुणीतरी माझी कॉलर ओढली. वहिनी पोस्टर घेऊन खाली उतरेपर्यंत मी हललो नाही.

हेच पोस्टर तिकडं गोदावरीकडच्या यार्डातही लावलंय म्हणे.

काढा.

नाहीतर मी येतो. पेट्रोल अजून स्वस्त आहे.

दादा, तू विचारून चढला होतास. जिथं जिथं फिरेन तिथं हे सांगत फिरेन.

माझ्या सगळ्या रागासकट तुला आदरांजली.

जय भीम, दादा.