पापडावरची प्रार्थना

संगमनेरहून एसटीत बसले तेव्हा पिशवीत दोन साड्या, बायबल आणि एक ठाम नकार होता. माझ्या योहानला उल्हासनगरची सिंधी मुलगी काजल आवडली होती. ‘शेजाऱ्यावर प्रेम’ हा धडा मी संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षे शिकवला. पण त्यातला शेजारी सून होऊन घरात येईल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

योहान मला मुरबाडला घ्यायला आला. बारवी धरणाकडच्या हिरव्यागार भातखाचरांमधल्या रस्त्याने त्याची स्कूटर बदलापूरच्या खोलीवर पोचली. वाटेत मी त्याला नकाराची कारणं सांगत होते आणि तो हेल्मेटमधून ‘हं, हं’ म्हणत होता.

सकाळी उल्हासनगरला निघालो तर अंबरनाथला बुवापाड्याजवळ टायर बसला. पंक्चरवाल्याला मी माझ्या हिंदीत म्हटलं, “भैया, जल्दी करो, हमको लोगों के घर जाना है.”

“मराठीत बोला की मावशी,” तो म्हणाला. “मी पाथर्डीचा.”

एवढ्यावर शहाणी व्हायला हवं होतं. झाले नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दुकानांवरच्या मजल्यावर काजलचं घर. दारातच सगळे सिंधीत भराभर बोलू लागले. इथे मराठी कुणाला कळणार, असं मी ठरवूनच टाकलं. काजलच्या आईने आम्हाला बसवलं आणि समोर भाजलेला पापड आणि पाणी ठेवलं. दुपारी जेवायला बोलावलं आणि पापड? मनात आलं, असेल यांची रीत. आमच्यात प्रार्थनेशिवाय घास घेत नाहीत. मी डोळे मिटले आणि मोठ्याने सुरू केलं, “हे स्वर्गातील पित्या, या अन्नासाठी तुझे उपकार मानते. आणि प्रभू, या परक्या लोकांच्या तावडीतून माझ्या लेकराला सोडव.”

“आमेन,” कोपऱ्यातून आवाज आला.

काजलची आजी, अम्मा, हात जोडून बसली होती. योहानने तोंड रुमालात लपवलं होतं.

“ताई, मी इथेच वाढले. मराठी शाळेत शिकले,” अम्मा म्हणाली. “और यह खाना नहीं है. आलेल्याला आधी पापड-पाणी देतात. जेवण आत आहे ना.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सुटका कुठली? त्या घराने माझी रीत समजून घेतली होती. सई भाजी (पालक आणि चणाडाळ घोटून केलेली) आली, काजलची आई हात जोडून थांबली. केली प्रार्थना. कोकी (जाड, कांदा घातलेली पोळी) आली, पुन्हा सगळे हात जोडून. भाजी निवत चालली, प्रार्थना आखूड होत गेली. तिसऱ्या वेळी मी नुसतं म्हटलं, “प्रभू, स्वयंपाक फार छान झालाय.”

“फाळणीनंतर सिंधहून आईच्या कडेवर मी या कॅम्पात आले,” अम्मा म्हणाली. “तेव्हा परके आम्हीच होतो. शेजारच्या गावातली एक बाई हंडाभर पाणी घेऊन आली. जात-बीत काही विचारली नाही. पापड मात्र नव्हता हां तिच्याकडे.”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. इतकी वर्षं मी मुलांना जे पाठ करायला लावलं, ते त्या बाईने फळा-खडूशिवाय करून दाखवलं होतं.

शेवटी कढी-भात आला. मी डोळे मिटणार, तोच अम्माने माझा हात धरला. “अभी मैं.” ती छताकडे बघून म्हणाली, “देवा, या बाईला आमच्या तावडीतून सोडू नकोस.”

“आमेन,” मी म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने.

येताना पिशवीत पापडांचं पुडकं होतं. नकार बहुधा कॅम्प चारमध्येच राहिला. संगमनेरला परतले त्याच संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब चौकशीला आले. लग्नाचं कसं सांगावं, हा विचार करत मी त्यांच्यापुढे भाजलेला पापड आणि पाणी ठेवलं. त्यांनी डोळे मिटले.

“थांबा साहेब,” मी म्हटलं. “हे जेवण नाही. ही आमच्याकडची रीत आहे.”