पाव फेऱ्यावरचा कोसरू

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे मालोजीचं गॅरेज होतं. आनेकलच्या रस्त्यावर धावणाऱ्या नरसिंहय्यांच्या सहा बसगाड्या तिथेच दुरुस्त होत, आणि त्या सहा गाड्यांवरच गॅरेज चाले. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांतल्या एका नव्या डिझेल गाडीने मालोजीचं डोकं उठवलं. महिन्यात दोनदा इंजिनावरच्या हेडचा बोल्ट तुटून ती भर रस्त्यात उभी राहिली. तिसऱ्यांदा थांबली तर सहाही गाड्या दुसरीकडे नेईन, असं नरसिंहय्या शांतपणे सांगून गेले. ते ओरडले असते तर मालोजीला बरं वाटलं असतं.

चूक कुठे होते तेच त्याला कळेना. गाडीच्या कंपनीच्या आठवडाभराच्या वर्गात शिकवलं होतं तसंच तो करत होता. आट्यांना तेल, सुरुवात मधल्या बोल्टांपासून, मापाच्या पान्याने आधी ठरलेल्या जोरापर्यंत, आणि मग जोर विसरून प्रत्येक बोल्ट बरोबर पाव फेरा. जोर फसवतो, आटे खरखरीत असले की बोल्ट ढिला असूनही पाना घट्ट लागतो. पाव फेरा मात्र पाव फेराच असतो. तेवढ्याने बोल्ट स्प्रिंगसारखा ताणून हेड धरून ठेवतो. त्यापुढे पिळला की ताणलेलाच राहतो, आणि एक दिवस तुटतो.

तिसऱ्या वेळी बोल्ट आवळताना त्याने पाव फेरा झाल्यावर प्रत्येक बोल्टावरून शेजारच्या हेडवर एक सरळ पांढरी रेघ ओढली आणि वरचं झाकण सकाळवर ठेवून तो घरी गेला. सकाळी येऊन पाहतो तो चौदाच्या चौदा रेघा मोडलेल्या. बोल्टावरचा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा पुढे सरकलेला.

गॅरेजची दुसरी किल्ली पिराजीकडे असे. पिराजी म्हणजे सकवारअक्काचा नवरा, मालोजीपेक्षा दहा वर्षांनी मोठा, हात मुसळासारखे. थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर आवाज चढवायची सोय नव्हती.

“भावजी, काल मी गेल्यावर पाना लावलात?”

“लावला की. दर वेळी लावतो. तू स्वल्प ढिले ठेवतोस,” पिराजी म्हणाला. “हातभर गजरा घेतला तर फुलवाली वर बोटभर कोसरू देतेच ना? गिऱ्हाइकाला मापावर काही नको का?”

दर वेळी. म्हणजे आधीच्या दोन्ही खेपांनाही.

“गजरा तुटला तर चाळीस माणसं रस्त्यावर उन्हात बसत नाहीत, भावजी.”

आपल्या हाताने आजवर काही तुटलं नाही, असं पिराजीने सांगायला सुरुवात केली. मालोजीने फळीवरचे दोन तुटके बोल्ट त्याच्या हातात ठेवले आणि स्वतः तिथून हलला.

गाडी आठ वाजता जायची होती. इंजिन चालू झालं असतं. कदाचित पंधरा दिवस चाललंही असतं. पण साडेसातला नरसिंहय्या आले तेव्हा मालोजीने आठची फेरी जाणार नाही असं सांगितलं. स्टँडवर माणसं बसून आहेत, गाडी समोर धड उभी आहे, मग अडचण काय, असं ते विचारू लागले. मालोजीने एक बोल्ट काढून काचेच्या तुकड्यावर नव्या बोल्टाशेजारी उभा केला. जुना तांदळाच्या जाडीएवढा उंच भरला. नरसिंहय्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं आणि हे कुणी केलं ते विचारलं.

“माझ्या गॅरेजात झालं,” मालोजी म्हणाला.

“सरी, बरं. दहाची तरी?”

“दहाची जाईल.”

टायरच्या ढिगामागे उभा असलेला पिराजी हे ऐकत होता.

चौदाही बोल्ट नवे घातले. पाव फेरे मालोजीने दिले, आणि काहीतरी काम हवं म्हणून ब्रश पिराजीच्या हातात दिला. पिराजीने बोटाएवढ्या जाड रेघा ओढल्या.

“भावजी, ही रेघ आहे का पट्टा? सरकली तर कळणार कशी?”

बारीक रेघ दिसते कुणाला, असं पिराजीचं म्हणणं पडलं. मालोजीने रॉकेलच्या चिंधीने सगळ्या दोनदा पुसल्या आणि दोन्ही वेळा ब्रश परत त्याच्याच हातात ठेवला. तिसऱ्या खेपेला रेघा बारीक आल्या.

दहाला गाडी सुटली. त्याआधी झाकण बसेपर्यंत पिराजी इंजिनापाशी हात पसरून उभा होता. ड्रायव्हरचं सोडा, एकदा शेवटचं बघतो म्हणून पुढे झालेल्या मालोजीलाही त्याने पाना लावू दिला नाही.