रोफिना इनांगची टाच

समजा, तुम्ही पन्नाशी ओलांडलेली बाई आहात. पाठीमागे दोन्ही बाजूंना माशांच्या टोपल्या लटकताहेत आणि खाली ट्रेल आहे, म्हणजे दगडाधोंड्यांतून चालणारी उंच, हडकुळी मोटरसायकल. डाव्या हातात क्लच. तो पूर्ण आवळायचा, डाव्या पायाच्या बोटांनी गिअरचा दांडा खाली दाबायचा, मग क्लच हळूहळू सोडत उजव्या हाताने रेस द्यायची. गाडी चालू लागली की पुन्हा क्लच, आणि आता तोच दांडा पावलाच्या वरच्या बाजूने उचलायचा. झालं. पुढचा प्रत्येक गिअर असाच, उचलून.

इतकं सोपं आहे. मी तांत्रिक शाळेत मोटरसायकल दुरुस्ती शिकलोय, आणि हे मी ज्यांना शिकवलं ते सगळे दोन संध्याकाळींत शिकले. अपवाद एकच, माझी सख्खी आत्या.

आत्याला आमच्याकडे इनांग म्हणतात, आणि रोफिनाला तर सगळा किनाराच इनांग म्हणतो. न्हाती-धुती झाल्यापासून ती मासे विकते. आधी डोक्यावर टोपली, मग बाकडी ठोकलेल्या ट्रकमधून, आणि माझ्या जन्माच्या सुमारास तिने बेबेक घेतली. बेबेक म्हणजे बदक. नावासारखीच बुटकी, हाताला क्लच नसलेली गाडी. तिच्या दांड्याला दोन टोकं असतात. पुढचं बोटांनी दाबलं की गिअर चढतो, मागचं टाचेने दाबलं की उतरतो. काहीही उचलावं लागत नाही. या बदकावर बसून इनांग दर गुरुवारी आणि शनिवारी डोंगरावरच्या गोलो वेरोक गावाला जायची आणि वळणावरूनच "इकाऽऽन", म्हणजे मासे, अशी हाळी द्यायची. ती ऐकून वर बायका चुलीवर भात चढवायच्या.

मग डोंगराचा एक तुकडा सुटून रस्त्यावर बसला. उरली ती दगडांची पायवाट. बेबेकचं पोट दर दगडाला घासू लागलं, आणि इनांगने मासे कनिसच्या हवाली केले. कनिस ट्रेलवरून माणसं आणि सामान ने-आण करतो. स्वभावाने चांगला आहे, फक्त वाटेत कुणीही "कॉफी घे" म्हटलं की तो उतरतो. मासे बाहेर उन्हात, हा आत गप्पांत.

एक दिवस गोलो वेरोकच्या टेक्ला आजीने केळीच्या पानात गुंडाळून एक मासा परत पाठवला. सोबत निरोप, "रोफिनाला सांगा, थकली असशील तर घरी बस. सडके मासे पाठवून नाव घालवू नको."

इनांगने पान उघडलं, वास घेतला आणि मासा कुत्र्याला टाकला. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली.

"रेमी, तुझी ती उंटीण मला शिकव."

"इनांग, ती माझी ट्रेल आहे."

"मग? मी काय कुणा परक्याची मागतेय?"

बापाच्या बहिणीला नाही म्हणायची आमच्यात सोय नाही.

फुटबॉलच्या मैदानावर सुरुवात केली. क्लच तिला पटकन जमला. हाताला सवयच नव्हती, त्यामुळे मोडायचंही काही नव्हतं. घोळ पायात होता. मी ओरडायचो, "वरचा गिअर, इनांग," की तिची बोटं दांडा खाली दाबायची. चढायच्या ऐवजी गिअर उतरायचा, इंजिन किंचाळायचं, मागचं चाक फरपटायचं आणि मैदानातल्या शेळ्या पांगायच्या. "आता खालचा," म्हटलं की तिची टाच मागे जोरात आपटायची. तिथे दांडाच नाही. टाच हवेत.

"उचल म्हणतोय ना मी."

"उचलतेय की."

"दाबतेयस."

"पाय माझा आहे, मला कळतं काय करतेय ते."

मी खडूने जमिनीवर गिअरबॉक्स काढून दाखवला. तिने तो नीट पाहिला, मग ती पदर आवरल्यासारखी लुंगी आवरत त्यावरून चालत गेली. "चित्र छान आहे. आतलं तू बघ. मला फक्त सांग, खालचं खाली का आणि वरचं वर का. माझ्या बदकाला तर असली नाटकं नाहीत."

शेवटी मला एक भन्नाट कल्पना सुचली असं मला वाटलं. टाच हवेत जाते ना? मग तिथे दांडा देऊ. मी रात्रभर कल्पनेनेच खूश होतो. सकाळी लोखंडी पट्टी कापली, वेल्डिंग केलं, रंगसुद्धा दिला. आता दांड्याला बेबेकसारखी दोन टोकं होती.

इनांग बसली. वेग कमी करायला तिने टाच दाबली. आणि गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊन सरळ गोलच्या जाळीत घुसली.

पुढचं टोक दाबलं की गिअर उतरतो, तर त्याच दांड्याचं मागचं टोक दाबल्यावर तो चढणारच. हे शाळेतल्या कुठल्याही पोराला कळलं असतं. आधी टाच हवेत तरी जायची, आता ती बरोबर उलटं काम करत होती.

कनिस कुंपणावर बसून हे बघत होता. "काय रे मास्तर, आता हँडलही उलटं बसव. म्हणजे सगळंच जुळेल."

मी पट्टी कापून टाकली. इनांगने जाळीतून केस सोडवले आणि ती म्हणाली, "गुरुवारी मी वर जाणार."

"तुला अजून येत नाहीये."

"गुरुवारी लोक मासे घेतात. मला येण्याची वाट त्यांनी का बघायची?"

गुरुवारी तिने भल्या पहाटे होडीवरून मासे घेतले, प्रत्येकाच्या डोळ्यावर अंगठा दाबून. मी कनिसच्या मागे बसून तिच्या पाठोपाठ निघालो. सपाटीवर तिने तीनदा चुकीचा गिअर टाकला. प्रत्येक वेळी कनिस हळूच म्हणायचा, "मास्तर, तुझा गिअरबॉक्स बोलतोय बघ." मला ऐकू येत होतंच.

दगडांचा चढ लागला. खालचा गिअर टाकायला गेली की टाच हवेत, गाडी बंद. पुन्हा किक, पुन्हा टाच, पुन्हा बंद. टोपल्यांतलं बर्फाचं पाणी ठिबकायला लागलं.

"इनांग, दे इकडे, मी नेतो," कनिस म्हणाला.

"तू नेतोस म्हणून तर मी आलेय."

तिने टोपलीची जास्तीची दोरी सोडली, वाकून डावी टाच पाय ठेवायच्या लोखंडाला करकचून बांधली आणि बोटं मोकळी ठेवली.

"इनांग, पडलीस तर पाय कसा काढशील?"

"होडीची गाठ आहे. टोक ओढलं की सुटते. ही टाच आता गप्प बसेल."

टाच गप्प बसली. करण्यासारखं बोटांनाच काय ते उरलं होतं. त्यांनी दांडा दाबला, गाडी पहिल्यात गेली आणि गुरगुरत वर चढू लागली. क्लच ती अर्धवट आवळूनच होती. जळलेल्या क्लच-प्लेटींचा वास मागे माझ्यापर्यंत येत होता, आणि त्या प्लेटी माझ्या होत्या. वळणावर तिने हाळी दिली. मला त्या आवाजाचं कौतुक वाटायला हवं होतं, पण मी प्लेटींचाच विचार करत होतो.

टेक्ला आजीच्या अंगणात ती थांबली. नेहमीसारखा डावा पाय टेकवायला गेली आणि तो बांधलेला आहे हे विसरली. गाडी, टोपल्या आणि इनांग, सगळं सावकाश डावीकडे कललं आणि वाळत घातलेल्या कॉफीवर आडवं झालं.

"आल्या आल्या लोटांगण," कनिस म्हणाला.

टेक्ला आजी त्याच्याकडे लक्ष न देता खाली बसली. तिने कॉफीच्या दाण्यांतून एक मासा उचलला, कल्ला उघडून पाहिला, पोट दाबलं. आम्ही दोघं गाडी उचलत होतो, पण इनांग दोरी सोडवायचं सोडून आजीच्या हाताकडेच बघत पडून राहिली.

"लाल आहे," आजी म्हणाली. "तीन दे. आणि उठ, कॉफी चिरडतेयस."

टोपल्या रिकाम्या झाल्या, आणि शनिवारी कोण काय घेणार हेही ठरलं. परत उतरताना इनांगचा पाय मोकळा होता. मधल्या उतारावर तिने पहिल्यातून दुसरा टाकला, निदान तसं तिला वाटलं. इंजिनची पकड सुटली आणि गाडी मोकाट धावली. दोन्ही ब्रेक आवळून तिने ती कशीबशी एका झुडपाला टेकवली. आम्ही पोचलो तेव्हा ती भेदरलेली नव्हती, चिडलेली होती.

"काय झालं होतं हिला?"

"न्यूट्रल लागला, इनांग. म्हणजे कुठलाच गिअर नाही. तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असतो. पाय अर्धाच उचलला गेला की लागतो."

"मध्ये? बदकाचा तर सगळ्यात आधी असतो. आधी काही नाही, मग एक, मग दोन."

"हिचा मध्ये असतो."

"का?"

आमच्या सरांनी आकृतीत तो तिथेच काढला होता, आम्ही तिथेच उतरवून घेतला.

आता ती उठसूट गॅरेजवर येते, पोत्यावर बसते आणि पुन्हा विचारते. "शनिवारी मला परत त्या उताराने यायचंय, रेमी. शून्य एकाच्या आधी असतं, हे लहान मूलही सांगेल. मग ही गाडी बनवणाऱ्यांनी ते एक आणि दोनच्या मध्ये का ठेवलं?"