यज्ञेश्वररावांची पाई

यज्ञेश्वररावांनी नोकरीत असताना घरात इकडची काडी तिकडे केली नाही, आणि रिटायर झाल्यावर त्यांना स्वयंपाक सुचला. माणसाला इतक्या उशिरा काही सुचू नये, असं त्यांच्या बायकोचं, कुसुमताईंचं स्पष्ट मत होतं. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली सरकवलेल्या हातांना आता कसलं वळण लागणार?

कुसुमताई लग्न होऊन यवतमाळहून रायपूरच्या तात्यापाऱ्यात आल्या, तेव्हा त्यांना धड हिंदीही येत नव्हती. पुढे भाषा आली, मुलगा झाला, तो शिकून पुण्याला गेला. पण चार लोकांत त्यांचं नाव निघायचं ते रविवारच्या कोंबडीमुळे. खसखस, सुकं खोबरं, धने सगळं स्वतः भाजायच्या आणि पाट्यावर वाटायच्या. आपलं म्हणावं असं आपल्यापाशी एवढंच आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

उरलेली कोंबडी दर रविवारी शेजारच्या लोकेशकडे जायची. त्या रविवारी त्याने दारातूनच हात जोडले.

"नहीं काकी, हमारा तो सावन लग गया."

मराठी श्रावणाला अजून पंधरा दिवस होते. इथल्यांचा महिना आपल्याआधी लागतोच कसा, हे कुसुमताईंना इतक्या वर्षांतही पटलेलं नव्हतं. भांडं परत फ्रिजमध्ये गेलं आणि तिथे ते यज्ञेश्वररावांच्या हाती लागलं.

मोबाइलवर व्हिडिओ बघत त्यांनी मैद्यात लोणी कालवलं आणि अख्खा ओटा पांढरा केला. मुलाने पाठवलेल्या ओव्हनच्या भांड्यात एक पोळी अंथरली, त्यात सोडवलेली कोंबडी, आटवलेला रस्सा आणि मटार भरले, वर दुसरी पोळी झाकली. म्हणे चिकन पाई! हाडांवरून कोंबडी सोडवायलाही कुसुमताईच बसल्या, कारण साहेबांची बोटं तिखटाने चुरचुरत होती.

संध्याकाळी नणंद आली, पद्मिनी. वरचा खुसखुशीत पापुद्रा फुटला, आतून वाफ आली, आणि पहिल्याच घासाला बाईंचे डोळे मिटले.

"दादा, काय चव आहे तुह्या हाताले! वहिनी, तुमी इतके वर्षं रांधून राहिल्या, पण हे काही वेगळंच हं."

यज्ञेश्वरराव नवरदेवासारखे लाजले. "काही नाही गं. सकाळचं चिकन घ्यायचं, बस."

कुसुमताईंनी एक तुकडा तोंडात टाकला. झाकण बरं जमलं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. पण खालचा घास जिभेवर आला आणि त्यांना आपलाच मसाला भेटला, परक्याच्या नावाने. आधी वाईट वाटलं, राग मागून आला. मैद्याला कधी चव असते? आणि सकाळचं चिकन म्हणजे काय, ते नळाला येतं?

आठवडाभर हा गृहस्थ फोनवर शेखी मिरवत होता. पुढच्या रविवारी संध्याकाळी पद्मिनीच्या घरच्या सहा जणांना आमंत्रण गेलं: श्रावण लागायच्या आधी एकदा माझी पाई खाऊन जा. माझी! बायकोला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

रविवारी सकाळी कुसुमताईंनी कोंबडी केली, पण नेमकी दोघांपुरती. दुपारी यज्ञेश्वरराव दोनदा वाढून घेऊन झोपले. चार वाजता उठले, मैदा मळला, पोळ्या लाटल्या आणि फ्रिज उघडला.

"कुसुम, सकाळचं चिकन कुठे आहे?"

"पोटात."

"अगं, सहा माणसं येऊन राहिली! आत भरू काय?"

"तुमच्या हाताले चव आहे ना? ते भरा."

ते धावत जाऊन किलोभर चिकन घेऊन आले आणि ते ओट्यावर ठेवून खांबासारखे उभे राहिले. मग कढई तापवली, तेल ओतलं, डबे उघडून हुंगले. धने कोणते आणि जिरे कोणते, हेही त्या माणसाला कळेना.

"तू सांग ना, पहिले काय टाकायचं?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

उभ्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. कुसुमताईंना क्षणभर दया आली. त्यांनी ती गिळली.

तेवढ्यात बेल वाजली. त्यांनी पदर नीट केला, दार उघडलं आणि सहाही जणांना हसून आत घेतलं.

"या पद्मिनीताई, बसा. आज पूर्ण तुमचे दादाच करून राहिले."